दगड क्रमांक तीनशे एक्केचाळीस

दगड चाटून बघायचा असतो, हे मला लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी कळलं.

तोवर दगडांशी माझा संबंध दोनच कारणांनी आला होता. ठेच लागली की शिवी घालायची, आणि एखादा दुकानदार वजनाच्या जागी दगड वापरताना सापडला की तो जप्त करायचा. मी वजनमाप निरीक्षक होतो. एकतीस वर्षं लोकांचे काटे तपासले. म्हणून बायको मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणते. घरात, बाजारात, चारचौघांत, कुठेही. ‘अहो’ असं तिने मला कधी म्हटलंच नाही. निवृत्तीनंतर मी घरातले साखरेचे पुडे वजन करून बघायला लागलो, तेव्हा ती वैतागली आणि एका रविवारी मला ओढतच तिच्या मंडळात घेऊन गेली.

पाटीवर ‘खनिज व पाषाण अभ्यास मंडळ’ असं लिहिलंय, पण सगळे धोंडेमंडळच म्हणतात. फरशीवाल्याच्या कारखान्यावरची खोली. एक लांबलचक टेबल, भिंतीला काचेची कपाटं, आणि खालच्या मशीनमधून वर येणारा ओल्या दगडाच्या पिठाचा वास. पंधरा-सोळा माणसं जमतात. अध्यक्ष म्हणजे भूगोलाचे निवृत्त सर. दर रविवारी दहाला येणारे दातांचे डॉक्टर, त्यांना सगळे दातवाले म्हणतात. आणि खाली ज्याचा कारखाना आहे तो फरशीवाला, जो आमचे दगड फुकट कापून देतो आणि वर चहाही पाजतो. मी गेल्यावर मंडळाला एक चांगला काटा मिळाला, माझा. प्रत्येक दगडाचं ग्रॅममध्ये वजन, पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने नंबर आणि रजिस्टरमध्ये नोंद. त्याआधी या लोकांच्या रजिस्टरमध्ये ‘मुठीएवढा’, ‘बऱ्यापैकी जड’ असली वजनं होती! कपाळाला हात लावला मी.

चाटण्याचं असं आहे. कोरडा दगड काही सांगत नाही. ओला केला की रंग, रेघा, कण सगळं दिसतं. फिरताना प्यायचं पाणी कोण वाया घालवणार? म्हणून जीभ. सरही चाटायचे, दातवाले तर दिवसभर लोकांना तोंड धुवायला सांगून रविवारी स्वतः चिखलातले खडे चाटायचे. पण माझ्या बायकोसारखं कुणालाच जमायचं नाही. ती दगडावर जीभ फिरवायची, डोळे मिटायची आणि टाळूला जीभ लावून ‘टच्च’ असा आवाज करायची. मग निकाल. “टच्च. गारगोटी.” “टच्च. अकीक आहे, ठेवा.” सर भिंगातून बघून मान डोलवायचे.

गेल्या वर्षी दातवाल्यांनी तिची वरची डावी दाढ काढली. नवी बसवायला ती तयार होईना. हसली की तिथे खिंडार दिसायचं. “राहू दे हो, ती माझी खाण आहे,” म्हणायची आणि मुद्दाम तोंड उघडून दाखवायची.

तो दगड तिला मंडळाच्या एका फेरीत, बंद पडलेल्या खाणीत मिळाला. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन चांगलं होतं. बाकीचे वरच्या कड्याशी ठोकाठोक करत होते आणि ही खाली उतारावर एकटीच बसलेली. मी गेलो तेव्हा तिच्या हातात एक राखाडी, गुळगुळीत दगड होता. रस्त्यावर पडला असता तर कुत्र्याला मारायलाही कुणी उचलला नसता.

“काय मिळालं?”

“कळत नाहीये.” तिने पुन्हा जीभ फिरवली. “बघा ना, ओलाच होत नाही.”

मी बघितलं. जीभ फिरली तिथे ओल दिसली आणि माझ्या डोळ्यांदेखत आत गेली. तापलेल्या तव्यावरचं पाणी उडतं तशी नव्हे. सावकाश, कुणीतरी गिळल्यासारखी.

“चव?”

“चवच नाही,” ती म्हणाली आणि टच्च न करताच उठली.

मंडळात काट्यावर ठेवला. सहाशे बारा ग्रॅम. नंबर तीनशे एक्केचाळीस.

पुढच्या रविवारी सहाशे एक्केचाळीस.

मी काटा तपासला. माझी पितळी वजनं, प्रमाणित केलेली, ती ठेवून बघितली. काटा बिनचूक. नोंद करताना मीच चुकलो असेन, असं सर म्हणाले. मला राग आला. एकतीस वर्षांत माझी नोंद चुकली नाही आणि धोंडेमंडळात येऊन चुकेल? दगड हवेतली ओल शोषत असेल म्हणून मी तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, झाकणावर चिकटपट्टी लावून सही केली. तिसऱ्या रविवारी सही जशीच्या तशी होती. दगड सहाशे त्र्याहत्तर ग्रॅम.

घरी तिची तहान सुरू झाली होती. आधी दोन तांबे, मग चार, मग उशाशी बादलीच ठेवायची वेळ आली. तरी तोंड कोरडं. भाकरीचा तुकडाही गिळता येईना. ‘तोंडचं पाणी पळालं’ असं आपण उगाच म्हणतो, मी ते रोज घरात बघत होतो. रक्त तपासलं. साखर ठीक, मूत्रपिंडं ठीक. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, मनावर घेऊ नका. मनावर? ती सहा आठवड्यांत सात किलोंनी उतरली. दगड तेवढा वाढला नव्हता. दोन्ही आकडे मी दहा वेळा शेजारी शेजारी मांडले, ते जुळत नव्हते. जुळले असते तर निदान काहीतरी हाताला लागलं असतं.

एकदा कांदा चिरताना बोट कापलं तर ती रडायला लागली. नुसता चेहरा वेडावाकडा झाला. डोळ्यांतून थेंबही आला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो. 

सातव्या रविवारी ती हट्टाने मंडळात आली. टेबलाच्या एका टोकाला बसली, शाल लपेटून. दुसऱ्या टोकाला दातवाल्यांनी डबा उघडला, दगड कानाशी धरला आणि हलवला.

“आत पाणी आहे,” ते म्हणाले.

“असतात तसे,” सर म्हणाले. “पोटात पाणी अडकलेले दगड असतात. पण ते पाणी फार जुनं असतं. नवीन शिरत नाही.”

दातवाल्यांनी पुन्हा हलवला. डुबुक डुबुक असा आवाज मलाही आला. आणि माझं लक्ष बायकोकडे गेलं. तिने दोन्ही हातांनी गाल घट्ट धरले होते.

“हलवू नका,” ती म्हणाली. आवाज सुक्या पाचोळ्यासारखा. “लागतंय.”

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, आपण तो कापून टाकू. पाणी बाहेर पडेल, विषय संपेल.

“नको, इन्स्पेक्टर.”

“का नको?”

“सांगता येत नाही. झोप लागली की माझं तोंड भलतीकडेच असतं. कुठेतरी बंद, गार जागेत. अंधार असतो.” तिने माझा हात धरला. “मी सांगेपर्यंत कापू नका. शब्द द्या.”

मी शब्द दिला.

मंडळाचा एक नियम आहे. ज्याला दगड सापडला त्याच्या सहीशिवाय तो कापायचा नाही. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना त्यासाठीच आहे. ‘कापण्यास हरकत नाही.’ दोन दिवसांनी ती पलंगावरून उठेना तेव्हा मी मंडळात गेलो आणि त्या रकान्यात तिची सही केली. अठ्ठावीस वर्षं बघत आलोय तिची सही, हुबेहूब जमली. खोट्या वजनांसाठी मी लोकांवर खटले भरलेत. पण माझी बायको मरत होती, आणि दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

“वहिनींनी केली ना सही?” फरशीवाल्याने विचारलं.

“दिसत नाही का?” मी खेकसलो.

दुपारचे बारा. कारखान्याचं शटर उघडं, बाहेर टेम्पोत फरश्या चढत होत्या. फरशीवाल्याने दगड शिकंज्यात धरला, पाण्याची नळी सोडली, पातं सुरू केलं. मी, सर आणि दातवाले बाजूला उभे.

कापताना पात्यावर सतत पाणी पडतं आणि खालच्या ट्रेमध्ये राखाडी काला साठतो. नेहमीच.

ट्रे कोरडा होता.

“नळी तुंबली काय?” सरांनी विचारलं.

नळी तुंबली नव्हती. पाणी धो धो पडत होतं. सगळं आत जात होतं.

पातं पलीकडे निघालं. दोन तुकडे वेगळे झाले. फरशीवाल्याने मशीन बंद केलं.

आत स्फटिक असतील असं मला वाटलं होतं.

आत गुलाबी होतं. ओलं. वरच्या तुकड्यात कमानीसारखा घुमट, त्यावर आडव्या वळ्या. आणि कडेने ओळीने पांढरे स्फटिक.



दातवाले वाकले. चष्मा वर केला. बोट न लावता, हवेतच, एकेक स्फटिक मोजत डावीकडे गेले आणि थांबले. तिथे खिंडार होतं.

“ही दाढ मी काढलीय,” ते म्हणाले.

त्याच वेळी माझा फोन वाजला. घरचा नंबर.

“अहो,” बायको म्हणाली. आवाज खणखणीत. “कुठे आहात? लवकर या. मला भूक लागलीय.”

मी तिथेच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. सर पाठीवरून हात फिरवत राहिले. आनंदच झाला होता मला, खोटं कशाला बोलू? दगडाचे दोन्ही तुकडे कुणी घ्यायला तयार नव्हतं. मीच ते वरच्या खोलीतल्या कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि धावत घरी गेलो.

ती ओट्याशी उभी होती. पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशीही. आठवड्यात रंग परतला, गाल भरले. शेजारीपाजारी म्हणायचे, नशीब बलवत्तर. मीही म्हणायचो. तिच्या उशाजवळची बादली तशीच भरलेली राहिली. ती पाणी पितच नाही, हे पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

आठव्या दिवशी मी सहज म्हटलं, “दुकानदाराने आज मला किलोमागे वीस ग्रॅम कमी दिले, मला! शेराला सव्वाशेर भेटला.” ती हसली. मान मागे टाकून, तोंड उघडून.

खिंडार नव्हतं.

वरती डावीकडे दाढ होती. जरा पारदर्शक. खिडकीतला उजेड तिच्यातून आरपार जात होता.

“काय बघताय, अहो?”

“काही नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडळाचं कपाट उघडलं. दोन्ही तुकडे काट्यावर ठेवले. कापायच्या आधी त्या दगडाचं वजन मी आठशे सदतीस लिहिलं होतं. आता सातशे एक होतं. आतला गुलाबीपणा फिकट झाला होता, वळ्यांना बारीक चिरा पडल्या होत्या, उन्हाळ्यात ओठांना पडतात तशा.

मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला असता तर परवडलं असतं. मी तो तिच्यावर पाडला. सही करून.

आता मी रोज येतो. औषधाचा ड्रॉपर आणि उकळून गार केलेलं पाणी घेऊन. थेंब थेंब सोडतो, पात्याने कापलेल्या कडांना धक्का लागू नये म्हणून हात टेबलावर टेकवून. पाणी आत जातं. तीन आठवडे झाले. वजन सातशे चाळीसवर आणलं, त्याखाली जाऊ दिलेलं नाही. सरांना सांगितलं तर त्यांनी मान फिरवली. दातवाले मंडळात यायचेच बंद झाले.

आज शनिवार. निघताना ती दारात आली.

“रोज कुठे जाता हो?” तिने विचारलं. “उद्या रविवार. मीही येते. माझा दगड कितीतरी दिवसांत बघितला नाही.”

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता मी इथे टेबलाशी बसलोय. खाली फरशीवाल्याचं मशीन बंद आहे, त्यामुळे खोली शांत आहे. चाळीस थेंब घातले. दोन्ही तुकडे जुळवले, त्यांच्यावर रबर चढवलं, पांढरा ठिपका आणि नंबर वर येईल असा दगड तळहातावर धरला. उद्या काय करायचं, तुला कुठे न्यायचं, असं मी त्याला विचारलं. मोठ्याने विचारलं, वेड्यासारखं.

दगड कानाशी नेला.

मग आतून, अगदी हळू, टच्च.