जमिनीला लागून घर

दिवा राहू दे बंद, राजस. समोरच्या इमारतींचा उजेड पुरे आहे. आणि हे हसण्यावारी नेऊ नका रे. अंबरीष माझा मित्र, आजही जपानात, टोकियोजवळच्या ग्योतोकुला राहतो.

आधी तो तोयोसुला, टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर होता. उत्तराला, त्याच्या बायकोला, ती उंची कधी मानवलीच नाही. दारातून पाऊल टाकलं की माती लागावी, असं घर तिला हवं होतं. हा म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. त्या उन्हाळ्यात तिच्या हृदयाचं दुखणं निघालं, आणि दसऱ्याआधी ती गेली.

डिसेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी, ऑफिस सुटल्यावर, तो एकटाच घर बघायला गेला. तिकडे तेव्हा पाचलाच काळोख होतो. घरं दाखवणाऱ्या मोरी-सान स्टेशनवर आल्या होत्या. वयस्क, मोजकं बोलणाऱ्या बाई.

एकाच गल्लीत किती तऱ्हेची घरं! कोपऱ्यावर नवी उंच इमारत. तिला खेटून दुमजली लाकडी घर, बाहेरून लोखंडी जिना. पुढे काडेपेट्या उभ्या ठेवाव्यात तशी अरुंद तिमजली घरं. आणि टोकाला एक जुनं बैठं घर, कौलारू, पुढे हातभर अंगण.

इमारत पाहिली, जिन्यावरची खोली पाहिली. मग या बैठ्या घराचं दार मोरी-साननी उघडलं, बाजूला झाल्या, आणि कुणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तशा वाकल्या.

अंबरीष त्यांच्या मागेच उभा होता.

"मिसेसना हे पसंत दिसतंय," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"तुमच्या मिसेसना. मघाशी लिफ्टमध्ये आल्याच नाहीत. मग जिन्याखाली थांबल्या, दम लागला होता. इथे मात्र... तुमच्याआधी आत गेल्या."

त्याने बूट काढले. आत गेला.

अंधार.

एक खोली. रिकामी.

दुसरी...

"उत्तरा," तो म्हणाला. "आलो गं. फार उशीर केला मी."

...

कोणी नाही. काही नाही.

तो तिथेच खाली बसला. कित्येक महिने बंद असलेलं घर, खालची तातामी, म्हणजे तिकडची गवती चटई, बर्फासारखी गार. पण अंगणाच्या बाजूला, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा... कोमट.

घर त्याने घेतलं. किती हिवाळे वाट पाहिली. ती पुन्हा कुणालाच दिसली नाही. मोरी-साननासुद्धा नाही.

मधे तातामी बदलल्या, सगळ्या. गेल्या जानेवारीत त्याच्या घरी, तो चहा करायला आत गेला, तेव्हा मी हळूच अंगणाकडच्या त्याच जागेवर हात ठेवला.

...

ऊब आहे.