केकच्या मधोमध

चिकू तयार झाला की नाही, हे त्याच्या रंगावरून कळत नाही. साल नखाने जरा खरवडायची. आत हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर काढून तांदळाच्या डब्यात पिकत ठेवायचा. हे मला अक्काने शिकवलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण गंगा. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. तिने लग्न केलं नाही, मीही केलं नाही, आणि मिरजोळ्याच्या या घरात आम्ही दोघंच म्हातारी झालो. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नमुने तपासायचो. घरात तपासणीचं खातं अक्काकडे होतं. भात, लोणचं, दूधवाला, मी, कुणी म्हणून सुटायचं नाही.

चिकूचा केक तिने करावा आणि आम्ही खावा. रवा, दही, गूळ आणि चिकूचा गर. हाताने फिरवायच्या बीटरने सगळं घोटायचं आणि ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये ठेवायचं. ओव्हनच्या झाकणाला मधोमध काच आहे, पण अक्काचा काचेवर विश्वास नव्हता, घड्याळावर तर नव्हताच. खराट्याचा कोरा हीर धुऊन ती केकच्या बरोब्बर मध्ये खुपसायची. हीर कोरडा निघाला की केक झाला. मी घड्याळाकडे बघितलं की म्हणायची, "मेल्या, घड्याळात बघून केक होतो काय?"

गणपतीनंतर अक्का झोपेतच गेली. थंडीत चिकू असा लागला, की फांद्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर टेकल्या. वटवाघळांची धन करण्यापेक्षा आपण केक करून बघू, असं मी शेजारीपाजारी सांगितलं. खरं म्हणजे घर खायला उठलं होतं आणि दुपार कुठे घालवावी ते कळत नव्हतं.

पहिला केक खचला. त्याच्या मधोमध एक बारीक भोक होतं. वाफेला वाट लागतेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यालाही तसंच भोक होतं. वाफेने पडलेल्या भोकाच्या कडा फाटतात. हे तळापर्यंत सरळ गेलेलं होतं. मी पीठ सैल करून बघितलं, मग घट्ट करून बघितलं, ओव्हन फिरवून ठेवला. आयुष्यभर हेच काम केलेलं, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मला कुणी सांगायला नको. भोक जागचं हललं नाही.

एक तुकडा शेजारच्या मनस्वीला दिला. तिचा नवरा मुंबईत असतो, ती अक्काच्या हाताखाली स्वयंपाक शिकलेली.

"आप्पा, मधी कच्चा हाय," ती म्हणाली. "आणि टोचून बघितलंव, तर मंग काढलाव कशाला?"

"मी नाही टोचलं."

"मंग कोणी?" ती हसली. मग तिने बशी खाली ठेवली. "अक्कांचा हात असाच होता वो. बरोब्बर मधी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओव्हनसमोर स्टूल घेऊन बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं. केक फुगला, वर पापुद्रा धरला, चिकूचा गोड वास सुटला.

मग मधोमध छोटासा खळगा पडला.

पापुद्रा दबला आणि फुटला. भोक खोल गेलं.

पिठाचा एक धागा भोकातून वर ओढला गेला, हवेत ताणला आणि तुटला.

झाकण बंद होतं. काच माझ्या चष्म्यापासून वीतभर लांब होती.

"कच्चा आहे का गं, अक्का?" मी विचारलं.

मला भीती वाटली नाही. मी रडलो, आणि केक आणखी थोडा वेळ आत ठेवला.

त्यानंतर मी रोज केक केला. भोक पडायचं, मी त्याच्या कडा बघायचो, ओल्या दिसल्या की थांबायचो. ती दाखवत होती आणि मी शिकत होतो. इतकं चांगलं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दुपारची मी सकाळपासून वाट बघायचो.

एका दुपारी केक अखंड निघाला. वरून सोनेरी, कुठे चीर नाही, भोक नाही. मनस्वीने घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "अक्कांचाच वो हा. आता तुम्हाला कोणी शिकवायला नको."

ते ऐकलं आणि मी केक उलटून पुन्हा भोक शोधलं. पुढचाही केक अखंड आला, त्याच्या पुढचाही. गाढव मी. इतकं नीट शिकायची काय गरज होती? आणखी थोडे दिवस मठ्ठ राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

मी मुद्दाम कच्चे चिकू घातले. ओव्हन मुद्दाम लवकर बंद केला. केक गिच्च निघाले, पण भोक नाही. असल्या नाटकाला अक्का कधीच फसली नव्हती, शाळा बुडवायला मी पोट दुखतंय म्हणायचो तेव्हाही नाही. शेवटी झाडावरचे चिकू संपले आणि मी ओव्हन पुसून फळीवर ठेवून दिला.

परवा संध्याकाळी मनस्वी ओट्यावर आली.

"आप्पा, सदऱ्याला काय लागलंय?"

छातीवर लाल ठिपका होता, मोहरीएवढा. दुपारी जेवून माझा डोळा लागला होता. आत जाऊन बघितलं. सदऱ्याला भोक, बनियनला भोक, आणि त्याच रेषेत छातीच्या मधोमध एक. बारीक, सरळ. दुखत नव्हतं.

"काही चावलं असेल. डॉक्टरला दाखवा," मनस्वी बाहेरून म्हणाली. मी हो म्हटलं.

काल जेवण झाल्यावर मी सदरा काढला, बनियन काढली, खाटेवर उताणा झालो आणि मुळीच हललो नाही.