ती एकदाही खोकली नाही

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण रुचा माझी सख्खी नणंद आहे, आणि तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय नाही.

ती ओसाकाच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करते. दर वसंतात गोबीच्या वाळवंटातून जी पिवळी धूळ उडत जपानपर्यंत येते, तिच्यावर तिचं संशोधन. त्यासाठीच गेल्या वर्षी मे महिन्यात ती मंगोलियाला गेली. सोबत तिच्या लॅबमधले मोरिता-सान, आणि जीप चालवायला गानबात नावाचा तिथलाच माणूस. त्याला जपानी चांगलं यायचं.

एका कोरड्या नदीच्या खोऱ्यातून ते चार दिवस फिरत होते. भटक्या मेंढपाळांचे लोकरीचे गोल तंबू दिसले की थांबायचं, त्यांच्याकडचा खारट चहा प्यायचा, मातीचे नमुने घ्यायचे आणि पुढे निघायचं. माणसं फार मायाळू. निघताना हातात सुकं दही कोंबायची.

पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास समोरचा डोंगर दिसेनासा झाला.

मग रस्ता.

मग जीपचं बॉनेट.

गानबातने गाडी नदीच्या पात्रातच थांबवली. "काचा बंद करा. वादळ जाईपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही."

"किती वेळ?" रुचाने विचारलं.

"एक तास. कदाचित तीन."

बाहेर नुसता तांबूस अंधार. वारा जीपला गदागदा हलवत होता. बंद काचांच्या फटींतूनही धूळ आत येत होती. तोंडाला ओले रुमाल बांधले, तरी तिघं खोकून खोकून बेजार. दारांशी वाळू साचत चालली होती...

तासाभराने आवाज आला.

टक... टक... टक.

रुचाच्याच काचेवर.

"खडे उडत असतील," मागच्या सीटवरून मोरिता-सान म्हणाले.

आणि मग... एका बाईचा आवाज. अगदी जवळून.

रुचाला शब्द कळेनात. पण विनवणी कळायला भाषा लागत नाही.

"गानबात-सान, काय म्हणतेय ती?"

तो मान वळवून त्या काचेकडे बघत राहिला.

"सांगा ना!"

"म्हणतेय, माझ्यासोबत लेकरू आहे. आत घ्या."

रुचाने दाराच्या हँडलला हात घातला. गानबातने तिचं मनगट पकडलं.

"सोडा! मरेल ती!"

"ऐका, रुचा-सान. नीट ऐका."

ती ऐकू लागली. बाई बोलतच होती. थांबत नव्हती. धाप लागत नव्हती. आवाज स्वच्छ... जशी काही बंद खोलीत बसून बोलतेय.

"आपण गाडीत आहोत, तरी आपल्याला दोन वाक्यं सलग बोलवत नाहीत," गानबात पुटपुटला. "ती तर बाहेर आहे. एकदा तरी खोकली का?"

खरंच खोकली नव्हती.

पण हात हँडलवरून निघेना. खोकली नाही म्हणून काय झालं? बाहेर खरंच कुणाची तरी आई असली तर?

गानबात मनगट सोडायला तयार नव्हता.

टकटक मागे सरकली. मागचं दार... डिकी... मग मोरिता-सान बसले होते ती बाजू.

तिथे ती बराच वेळ राहिली.

आणि थांबली.

वारा तसाच घोंघावत होता. आवाज मात्र पुन्हा आला नाही.

पाचनंतर आकाश निवळलं. वाळूमुळे दारं उघडेनात. गानबात खिडकीतून बाहेर पडला, फावड्याने त्याने दारं मोकळी केली. मग अंधार पडेपर्यंत तिघांनी हाका मारत ते खोरं पालथं घातलं.

पाऊल नाही. फडकं नाही. काही नाही.

जवळच्या तंबूतली म्हातारी म्हणाली, "आमची सगळी माणसं आत आहेत." पोलिसांनाही कळवलं. त्या भागातून कुणीच हरवलं नव्हतं.

रुचा ओसाकाला परतली. वादळात बाहेर कुणी नव्हतंच, असं स्वतःला समजावत राहिली. ती खोकली नाही, एवढाच तिला आधार होता.

या एप्रिलमध्ये मोरिता-सान नोकरी सोडून गावी निघाले. रुचा त्यांना पोचवायला स्टेशनवर गेली. गाडीला पाच मिनिटं होती.

"त्या दिवशी मी एक गोष्ट लपवली," ते म्हणाले. "ती माझ्या बाजूला आली, तेव्हा मी काच थोडी खाली केली. वाऱ्यात तुम्हाला कळलं नाही. मी पाण्याची बाटली बाहेर धरली."

"मग?"

"घेतली." त्यांची नजर खाली होती. "तिची बोटं माझ्या बोटांना लागली, रुचा-सान. गरम होती... आणि मी काच वर केली."

रुचा तशीच शिंकान्सेन बुलेट ट्रेन पकडून आमच्याकडे, टोकियोजवळच्या कावासाकीला आली. तीन आठवडे झाले, इथेच आहे. लॅबमधून फोन येतात, घेत नाही.

काल चहा पिताना म्हणाली, "वहिनी, हात गरम होता... मग आम्ही बाहेर कुणाला ठेवलं?"

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

आज सकाळी तिने पुन्हा तेच विचारलं.