भिंतीकडून आलेलं मत

त्या बुधवारी दुपारी वहिनी घरातून निघाल्या त्या नकार द्यायचा असं ठरवूनच. 'सिनेमा-बिनेमा माझं आता बंद,' एवढं तोंडावर सांगायचं आणि परत फिरायचं.

ज्यांना सांगायचं ती मंडळी म्हणजे त्यांच्या यजमानांचे दर बुधवारच्या सिनेमाचे सोबती. बेकरीवाले, चष्मेवाले आणि गाण्याच्या बाई. यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. ते गेल्यापासून वहिनी चित्रपटगृहाच्या दारातही आल्या नव्हत्या.

पण बेकरीवाल्यांनी तिकीट आधीच काढून ठेवलं होतं.

"तुमचंही काढलंय," ते म्हणाले. मग चाचरत पुढं म्हणाले, "त्यांचंही काढलं. सवयीनं पाच मागितली हो. खिडकीपासून लांब आल्यावर लक्षात आलं."

"या माणसाला पाव मोजायला कोण ठेवतं, देव जाणे," चष्मेवाले पुटपुटले.

गाण्याच्या बाईंनी वहिनींचा दंड धरला, आणि नकार तसाच गिळून वहिनी आत गेल्या.

जागा नेहमीच्याच. भिंतीला चिकटून बेकरीवाले, मग चष्मेवाले, मग बाई, मग वहिनी. वाटेच्या कडेची खुर्ची घड्याळजींची. ती आज रिकामी. वहिनींनी तिच्यावर आपली पर्सही ठेवली नाही.

अंधार झाला. जुन्या गाद्यांचा तो ओलसर वास आला. पडद्यावर एक दीपगृहाचा राखणदार पायऱ्या चढू लागला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाचा फोन वाजला. त्यानं तो घेतलाही, वर "सिनेमात आहे, बोल" असंही म्हणाला. घड्याळजी असते तर उठून त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली असती. आज चष्मेवाल्यांनी नुसतं खाकरून पाहिलं. ते खाकरणं इतकं मवाळ होतं, की गृहस्थाला वाटलं कुणाला सर्दी झाली आहे.

घड्याळजींचे नियम कडक होते. शेवटी नावं सरकत असतात तोवर कुणी उठायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. ज्यांनी राबून सिनेमा केला त्यांची नावं आहेत ती. पण या मंडळींच्या पोटात मत थोडंच राहतं? म्हणून घड्याळजींनीच तोड काढली होती. नावं सुरू झाली की अंधारात शेजाऱ्याचा हात धरायचा. भिंतीकडून सुरुवात. सिनेमा आवडला असेल त्यानं हात एकदा दाबायचा. पुढच्यानं आले तेवढे दाब पुढे द्यायचे, आणि आपल्याला आवडला असेल तर आपला एक वाढवायचा. वाटेकडेला घड्याळजी असत. ते आपलं मत मिळवून शेवटचा आकडा हळूच सांगत. स्वतःचं मत त्यांनी बहुधा कधी मिळवलंच नाही. त्यांना सिनेमा आवडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

राखणदाराची मुलगी बोटीतून परत आली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. कितीतरी महिन्यांनी. मग नावं सरकू लागली.

बाईंचा ऊबदार हात आला. दाब मोजून वहिनींनी त्यात आपला मिळवला आणि सवयीनं उजवा हात पलीकडे नेला. तिथं खुर्चीचा लाकडी दांडा होता. थंड. त्या थांबल्या. आकडा कुणी सांगेना. शेवटी त्यांनीच घसा साफ केला.

"चार," त्या कुजबुजल्या.

बाहेर कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसताक्षणी चष्मेवाले उसळले. "चार? आहोत किती आपण? चारच ना? आणि मला तो सिनेमा काडीचा आवडलेला नाही! दुसरा अर्धा भाग माणूस नुसता जिने चढतोय. त्यापेक्षा माझ्या घराचे जिने परवडले."

"लाजू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाक शिंकरत होतात, मी ऐकलंय."

"एसीनं हो! मी दाब वाढवला नाही. आले तसे पुढे दिले."

"मग मी खोटी?"

"गाणाऱ्यांची मात्रा चुकते कधीकधी."

"माझी? मात्रा?" बाईंनी कप ठेवला. "मला दोन आले. माझा एक. मी तीन दिले."

"मलाही दोनच आले," चष्मेवाले म्हणाले. मग दोघांनीही एकदमच बेकरीवाल्यांकडे पाहिलं.

बेकरीवाल्यांना एरवी प्रत्येक सिनेमा आवडतो आणि प्रत्येकात ते रडतात. आज त्यांचा चहा तसाच होता. त्यावर साय धरली होती.

"मी दोन दिले," ते म्हणाले. "एक माझा. आणि एक... मला आला."

"कुठून?"

"पलीकडून."

"अहो, पलीकडे भिंत आहे."

"ते मला ठाऊक आहे..."

मग चष्मेवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आला पठ्ठ्या! वाटेकडची आपली जागा सोडून भिंतीकडे जाऊन बसला."

"पण आवडला म्हणाले की हो ते!" बाईंना हसू आवरेना. "मग ते कसले घड्याळजी?"

"वरती गेल्यावर माणूस सुधारतो, बाई. तुम्हालाही आशा आहे."

वहिनीही हसल्या, अगदी पोट धरून. नकार सांगायचा राहिला तो राहिलाच. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी भिंतीकडे मी बसणार. ते ठरलं."

सगळ्यांनी चहाचे कप उंचावले.

घरी जाताना बेकरीवाले वळणापर्यंत त्यांच्याबरोबर चालले. ऊन अजून होतं. शाळा सुटली होती. वहिनींनी चालता चालता सहज विचारल्यासारखं विचारलं, "अंगठ्याचं नख लागलं का हो तुम्हाला?"

"नख?"

"घड्याळाचं झाकण उघडायला ते एक नख वाढवायचे. हात धरला की टोचायचं. इतकी वर्षं मलाच टोचलंय ते."

बेकरीवाले थांबले. त्यांनी आपला डावा हात उजव्या हातात घेतला.

"नखं नव्हती, वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले. "एकाही बोटाला नव्हती."

समोरून पोरं ओरडत गेली. मग वहिनींनी पदर सारखा केला. "तरी बसेन मी तिथं," त्या म्हणाल्या. "कुणी का असेना, सिनेमा आवडलाय त्याला. आणि एकदा दाबून सोडला ना हात?"

"एकदाच दाबला..."

"मग झालं तर."

"सोडला नाही पण. नावं संपली, दिवे लागले, तुम्ही सगळे उठलात, तोवर धरूनच होता."

"दिवे लागल्यावर? मग दिसलं असेल की तुम्हाला!"

"मी पडद्याकडे बघत होतो, वहिनी," बेकरीवाले म्हणाले. "मान वळवायला गेलो, तर तो हात आणखी घट्ट झाला."