बर्फाखालची बाग

“अहो, तुम्ही अर्निकावर उभे आहात.”

तो दचकून बाजूला सरकला... आणि नेमका दुसऱ्या रोपावर गेला. शर्वाणीला हसू आवरेना.

जर्मनीतल्या एर्त्सगेबिर्गेच्या डोंगरातलं बारा खोल्यांचं छोटंसं लॉज. ऑक्टोबरचा भुरभुरता पाऊस. लॉज वसुधाताईंचं आणि त्यांच्या जर्मन नवऱ्याचं. रोपं तुडवणारा हा त्यांचा भाचा, श्रीनाथ, ड्रेस्डेनला संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर. शर्वाणीही ड्रेस्डेनचीच, बागा आखणारी. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे तिचं पहिलंच काम. इथली थंडी हाडं गोठवणारी, म्हणून या डोंगरात आपसूक उगवतं तेवढंच तिने लावलं होतं: पिवळ्या फुलांची अर्निका, जांभळ्या फुलांचं हेदर, रानटी ब्लूबेरी. श्रीनाथला मात्र चिखल आणि काड्याच दिसत होत्या.

“बाग कुठे आहे?”

“मे महिन्यात या, दाखवते.”

“आणि त्याआधी आलो तर... चालणार नाही?”

तिने हातातलं फावडं त्याच्याकडे दिलं.

मग बर्फ पडेपर्यंत तो दर शनिवारी आला. खड्डे खणता खणता तिला साताऱ्याच्या गोष्टी सांगायचा, आणि ती बघत नाही असं वाटलं की तिच्याकडे बघायचा. ते तिला कळत होतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. खालून निघाली ती नुसती तपकिरी, मेल्यासारखी झुडपं. वसुधाताईंचा फोन आला. महिन्याभरात पाहुणे येणार, तेव्हा हे काढून ट्युलिप लावायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. मुळं जिवंत आहेत, शर्वाणी परोपरीने सांगत राहिली. दोन आठवडे मागितले. ताईंनी एकच दिला.

शनिवारी ती पहिल्या बसने वर पोचली. श्रीनाथ चिखलात गुडघे टेकून बसला होता, पँट भिजून चिंब. ताईंकडून कळल्यावर तो शुक्रवारीच रजा घेऊन आला होता. एकेक फांदी नखाने हलकेच खरवडून बघायची, आत हिरवं दिसलं की शेजारी आइस्क्रीमची काडी खोचायची. एकशे तीस रोपांत एकशे बारा काड्या उभ्या होत्या.

वसुधाताई छत्री घेऊन सगळ्या वाफ्यांतून फिरल्या. वाकून स्वतःही दोन फांद्या खरवडल्या. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण दाराशी ट्युलिपच्या दोन कुंड्या ठेवणारच मी.”

त्या आत गेल्या. शर्वाणीने विचारलं, एवढं कशासाठी केलंत?

तो हातावरचा चिखल पुसत राहिला.

“बाग मेली असती, तर तुझं इथलं येणं संपलं असतं. आणि जगली तरी... काम पूर्ण झालं म्हणून संपेलच. कालपासून तेच डोक्यात आहे.” त्याने वर पाहिलं. “बाग नसेल तिथेही भेटशील?”

तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

शर्वाणीने त्याचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले.

“माझ्या घराच्या बाल्कनीत एकही झाड नाही,” ती म्हणाली. “उद्या चहाला ये.”