ओल्या कोब्यावर पाऊल नाही

सकाळी साडेसातला फोन आला, तेव्हा रोझविटा बेन्केच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती. फरश्यांचे तंटे सोडवण्यात एकोणीस वर्षं गेली होती, आणि त्यातली बरीचशी गुडघ्यांवरच.

"नमस्कार, फ्राऊ बेन्के. कोबा फाटलाय," फरश्यांचा ठेकेदार एकहार्ड टीमान ओरडला. "गोरानला आज दुपारी काढून टाकतोय. त्याआधी या!"

ओल्डेनबुर्गबाहेरच्या त्या नव्या घरात ओकच्या फळ्या कोब्यावर बसायची वाट बघत ओसरीत पडल्या होत्या. सोमवारी ओतलेल्या पातळ जिप्समच्या कोब्यावर पलीकडच्या खिडकीपासून तीन भेगा निघाल्या होत्या. वाऱ्याचं काम. पहिले दोन दिवस ओल्या कोब्याला वारा लागता कामा नये, हे या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं.

एकहार्डची बायको हाइड्रून, धंद्याची कागदपत्रं बघणारी, थर्मासमधून कॉफी ओतत होती. पंपवाला गोरान टोपी चुरगाळत दारात उभा होता. अकरा वर्षांची नोकरी, घरी दोन मुली.

"खिडक्या बंद कोणी केल्या?" रोझविटाने विचारलं.

"मी. सोमवारी सकाळी सातला, ओतायच्या आधी. सगळ्या," गोरान म्हणाला.

"मग हे काय भुताने फाडलं?" एकहार्ड.

"नंतर आत गेलास?"

"नाही हो. मी रस्त्यावर पंपापाशी. आत नळी टीमान मास्तरांच्या हातात. त्याच संध्याकाळी मला ब्रेमेनच्या कामावर धाडलं, काल परतलो."

"आणि काल तुम्ही दार उघडलंत तेव्हा?"

"खिडक्या बंद," एकहार्ड म्हणाला. "सोमवारी दारावर डकवलेली माझ्या सहीची पट्टी शाबूत. हा खोटं बोलतोय, दुसरं काय!" त्याने चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला आणि 'प्रवेश बंद'चा कागद भिंतीवर चिकटवला.

रोझविटा कण्हत गुडघ्यांवर बसली. खिडकीखाली कोब्याच्या पृष्ठभागात बाहेरच्या बर्चच्या झाडांच्या बारीक बिया रुतल्या होत्या. नखाने निघेनात. पावलाचा ठसा मात्र कुठेच नव्हता.

मग ती दारापाशी गेली. काल सोडवलेली पट्टी अजून चौकटीवर लोंबत होती. तिची दोन्ही टोकं सरळ, कात्रीने कापलेली.

आता जे बोलायचं होतं, त्याने तिला या कामाचा मनापासून कंटाळा आला.

"बसा सगळे," ती म्हणाली. "बिया रुतल्यात, म्हणजे कोबा ओला असताना खिडकी उघडी होती. ओल्या कोब्यावर कुणी चाललेलं नाही. म्हणजे ती ओतण्याआधीच उघडली गेली. ओतायला सुरुवात दारापासून लांबच्या त्याच टोकाकडून होते, आणि तिथे एकटे तुम्ही होता, टीमानसाहेब."

"मी? मी कशाला उघडीन!"

"काल ती बंद सापडली. म्हणजे मधे, कोबा चालण्याजोगा झाल्यावर, कुणीतरी आत जाऊन ती लावली आणि दारावर नवी पट्टी डकवली. गोरान ब्रेमेनला होता. तुम्ही पट्टी दाताने तोडता, ही कात्रीची आहे. आणि चूक गोरानची असती, तर ती गुपचूप झाकायची कुणाला गरज होती?"

हाइड्रूनने पेला खाली ठेवला.

"बुधवारी मी येऊन बघून गेले," ती हळूच म्हणाली. "हल्ली मी याची सगळीच कामं मागून बघते. खिडकी लावली, नव्या पट्टीवर याची सही मीच केली. एकहार्ड, गेल्या महिन्यात तू गाडी कुठे लावलीस ते दोनदा विसरलास. तपासणीला डॉक्टरकडे यायचं नाही म्हणालास."

एकहार्ड कुणाकडेच बघत नव्हता.

"खोलीत शिरलं की खिडकी उघडायची," रोझविटा म्हणाली. "आपल्याला लहानपणी आयांनी लावलेली सवय. कोब्याचं शिक्षण त्यानंतरचं. तुमच्याकडून नंतर शिकलेलं सुटायला लागलंय. गोरानने खिडक्या लावल्या होत्या."

गोरान पुटपुटला, "मास्तर, मला कळलं असतं तर मी..."

"गप रे," एकहार्ड म्हणाला, पण आवाजात धार नव्हती. त्याने खिशातून पेन काढलं आणि रोझविटापुढे धरलं.

"आत्ता लिहून घ्या. माझी चूक, गोरान कामावर राहील. मी सही करतो. उद्या मी पुन्हा त्याच्यावर ओरडेन, फ्राऊ बेन्के, आणि मला ते खरंच वाटत असेल."