सावकाश आणि निळा धूर

"ओ मिस्त्रीभाऊ, जरा बघता का?" असा आवाज आला, तेव्हा मिस्त्रीभाऊ एका इंजिनात कमरेपर्यंत बुडालेली होती. ती सरळ झाली, वळली. कपाळावर ग्रीसचा पट्टा, हातात पान्हा, वेणी कॉलरच्या आत खोचलेली.

समोर एक तरुण चालक उभा होता. त्याच्या मागे दोरीने ओढत आणलेला ट्रक, आणि ट्रकपेक्षा जास्त दमलेला ट्रॅक्टर.

"बघते. काय झालं?"

काय झालं ते चालकाला आठवेना. आठवलं तोवर ट्रॅक्टरवाला घरी पोहोचून जेवून झोपलाही होता.

"इंजिन..." तो म्हणाला. "गेलं बहुतेक."

इंजिन खरंच गेलं होतं. तिने ते उतरवलं, बोअर करून आणलं, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या. तिचा बाप, ज्याला गॅरेजचं सगळं आवार उस्ताद म्हणे, बाजूला खुर्ची टाकून बसला आणि त्याने बोटही लावलं नाही. अख्खं इंजिन एकटीने बांधायची तिची ही पहिलीच वेळ.

"जमलं तर यापुढची सगळी इंजिनं तुझी," उस्ताद म्हणाला होता. "नाही जमलं, तर पार्ट धुवायला माणूस लागतोच आपल्याला."

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. ट्रक देताना तिने बजावलं, "सुरुवातीला जरा जपून. आणि दर खेपेला येऊन ऑइल दाखवा. रिंगा सिलिंडरमध्ये घट्ट बसेपर्यंत."

"किती दिवस लागतात बसायला?"

"चालवणाऱ्यावर आहे."

तिने सहज म्हटलं. त्याने मात्र ते खिशात घालून नेलं.

आणि तो जपू लागला. एवढा जपू लागला, की एका म्हशीने त्याला मागे टाकलं आणि काळजीने वळून पाहिलं. ट्रकच्या सावलीत निजलेलं कुत्रं ट्रक निघाल्यावरही झोप पुरी करूनच उठलं. फाळक्याशी अंड्यांवर बसलेली कोंबडी मुक्कामाला पिल्लं घेऊन उतरली. आवारात त्याचं नावच 'सावकाश' पडलं.

पण तो येई तेव्हा मागे निळा धूर असे, आणि तिने ऑइलची पट्टी ओढून पाहिली की ऑइल खाली गेलेलं.

"पितंय," ती म्हणे.

"नवीन आहे. भूक असणारच."

"हसू येतंय तुम्हाला?"

"छे. तुमच्या कपाळावर ग्रीस आहे."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"पहिल्या दिवसापासून आहे... मला वाटलं, कायमचंच असेल."

ती हसली असती. पण त्या दिवशी उस्तादाने धूर पाहिला होता. "उद्या सकाळी इंजिनाचं हेड मी उतरवतो," तो म्हणाला. त्यातल्या 'मी'ने तिचं जेवण गेलं. एकेक रिंग तिने मनातल्या मनात पुन्हा बसवून पाहिली. चूक सापडेना.

सकाळी उस्तादाने पान्हे मांडले, तोवर ती सावकाशच्या शेजारी केबिनमध्ये चढलेली होती. "चला. मला बसून बघायचंय."

काठोकाठ भरलेली घागर न्यावी तसा तो ट्रक नेत होता. टेकडीच्या पायथ्याशी त्याने थेट पहिला गिअर टाकला. तिने मागच्या काचेतून पाहिलं. हौदा रिकामा.

"माल?"

"नाही घेतला."

"कधीपासून?"

"इंजिन बांधल्यापासून."

"गाडी कधीपासून चालवता?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

"मग लोडशिवाय रिंगा बसत नाहीत, हे माहीत नाही?"

तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, "माहीत आहे. पण बसल्या की... मला यायला काही कारण उरत नाही."

एरवी तिने खिडकीबाहेर बघत हे ऐकून ठेवलं असतं. आज ती म्हणाली, "थांबवा गाडी."

त्याने थांबवली.

"बाबा आज हेड उतरवणार आहेत. माझ्या हातचं पहिलं इंजिन आहे हे. उघडलं की मी परत पार्ट धुवायला. आणि तुम्ही इथे हौसेने धूर काढताय?"

त्याचा चेहरा उतरला. "मला कोणी सांगितलं नाही..."

"विचारलंत? ग्रीसचं सांगायला बरं तोंड होतं."

त्याने ट्रक वळवून खाणीकडे नेला, हौदाभर खडी घेतली आणि पुन्हा टेकडीखाली आणून उभा केला. "सांगा आता."

"वरचा गिअर. दाबा."

"जपून?"

"अजिबात नाही."

इंजिन हुंकारलं. एवढा धूर निघाला, की टेकडीवरच्या शेळ्या संध्याकाळ झाली समजून घरी निघाल्या. वर गेले, खाली आले, पुन्हा वर. टेकडी कंटाळली, पण ती कंटाळली नाही. एक हात डॅशबोर्डवर ठेवून इंजिनाचा श्वास मोजत होती. होता होता तो श्वास एकसारखा झाला. तिने आरशात धूर शोधला. दिसला नुसता रस्ता.

ती हसली. सावकाशचा गिअर चुकला.

"समोर बघा."

"बघतोय."

"रस्त्याकडे."

गॅरेजात पोहोचल्यावर तो आधी उतरला. "उस्ताद, खोट इंजिनात नव्हती. मी मुद्दाम रिकामी आणि हळू चालवत होतो."

"मुद्दाम? ते का?"

सावकाश बुटांकडे बघू लागला. उस्तादाने मुलीकडे पाहिलं. ती आधीच पुसलेली पट्टी फडक्याने पुसत होती, पुन्हा पुन्हा. उस्तादाने पान्हे उचलून पेटीत ठेवले.

"रिंगा बसल्या," ती सावकाशला म्हणाली. "आता दाखवायला यायला नको."

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढेही नाही. प्रत्येक हॉर्नला तिचा पान्हा थबकायचा, आणि कोणी बघत नाही ना हे बघून पुन्हा चालू व्हायचा.

मग एका सकाळी तो आला. पायी.

"गाडी कुठंय?"

"माझा भाऊ घेऊन गेलाय. झकास पळतेय."

"मग तुम्ही?"

"मी... स्वतःला दाखवायला आलोय."

शेजारच्या ट्रकखालून उस्तादाचा आवाज आला, "धूर मारतोय का बघ गं."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. घाई केली नाही. "वरून तर ठीक दिसतोय, बाबा. पण लोड टाकल्याशिवाय कळायचं नाही."

आणि खाली उतरवायच्या गिअरबॉक्सचं एक टोक तिने त्याच्या हातात दिलं. त्याचे गुडघे वाकले, पण टोक सुटलं नाही.

"किती वेळ धरायचं?"

"मी सोड म्हणेपर्यंत."

ती अजून तसं म्हणालेली नाही.